तारेवर एकही टॅग नव्हता

बाबा, आज सकाळी मी वनखात्याच्या गार्डले सांगितलं की आमचे सगळे जण जंगलातून बाहेर आले, आणि तेव्हा तुमची नात आतच होती. हे दुसऱ्या कोणाले सांगायची माझी हिंमत नाही. तुमच्या जावयाले तं नाहीच नाही, ते पोट्टीची सायकल उचलून माळ्यावर टाकतील आणि वर मलेच म्हणतील, घ्या, अजून चालवा. म्हणून तुमाले लिहून राहिली. तुम्ही तिले पाहिलं नाही, ती व्हायच्या आधीच तुम्ही गेले. उंच आहे, तुमच्यासारखीच हडकुळी, आणि राग आला की भांडत नाही, तुमच्यासारखं तोंड मिटून बसते. मले तं भांडणारं माणूस परवडते.

रस्ता तुमाले माहीतच आहे. बालोद मागं टाकलं, धरणाच्या वरच्या अंगाले गेलं की तांदुळेच्या काठानं सागा-साज्याच्या जंगलात शिरतो तोच. तुमच्या वेळी लाल मुरूम होता, घरी यायचे तं तुमचा पायजमा गुडघ्यापर्यंत लाल असायचा आणि आई दारातूनच ओरडायची, तिथंच झटका, आत आणू नका ते जंगल. आता काळाशार डांबरी झाला आहे. चढ आहे, उतार आहे, वळणावळणाले नदी डाव्या हाताले दिसते आणि पुन्हा झाडाआड जाते, आणि पाणी वाहते तिथं रपटे, म्हणजे बुटके फरशी-पूल, आहेत. आम्ही आठ-दहा जण रविवारी भिलाईहून सायकली गाड्यांवर बांधून जातो, जंगलाच्या तोंडाशी चहाच्या टपरीजवळ उतरतो, दुसऱ्या रपट्यापर्यंत जाऊन परत येतो. ज्याचा जसा दम, तसा तो मागं-पुढं होते. आमच्या सायकली पाहून तुम्ही हसले असते. एका हातानं उचलते अशी सायकल, आणि टायर माझ्या अंगठ्याएवढं.

बाकी सगळं बदललं, पण तुमची टॅगची पद्धत मी सोडली नाही. स्टीलच्या मिलमध्ये मशीन बंद करून कोणी दुरुस्तीले आत शिरला की स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावून जायचा, आणि बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. स्विचवर एक जरी टॅग असला तं मशीन सुरू होत नव्हती, मोठा साहेब येऊन उभा राहिला तरी नाही. तेच तुम्ही जंगलाले लावलं. तुमच्या वर्कशॉपमधले फिटर वीकली ऑफच्या दिवशी डबा बांधून त्या रस्त्यानं निघायचे तेव्हा टपरीच्या तारेवर आपापली पत्र्याची चकती अडकवून जायचे. तार रिकामी झाल्याशिवाय कोणी घराकडे सायकल वळवायची नाही. आमचंही तेच चालते, त्याच तारेवर.

मी बारा वर्षांची असेन. तुम्ही मले कॅरिअरवर बसवून टपरीपर्यंत नेलं होतं. तुमचे जोडीदार काका नदीवर हातपाय धुवायले थांबले होते, ते आता येतीलच म्हणून मी बाकावर चढली आणि त्यांची चकती काढून फ्रॉकले पुसत बसली. तुम्ही आले, तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर तुम्ही कडाडले, "तो आला का? तुले दिसला का तो? मंग त्याचा टॅग काढणारी तू कोण?" मी चूक अशी काय केली होती, मले कळलंच नाही. कोणावर प्रेम करायले गेलं आणि शिव्या खाल्ल्या, असं वाटलं. परतताना मी तुमची पाठ धरली नाही, सीटची स्प्रिंग धरून बसली आणि बोटं चिमटवून घेतली. मरोद्याजवळ आल्यावर तुम्ही न वळता म्हणाले, "आमच्या शॉपात एकानं असाच दुसऱ्याचा टॅग काढला होता, बाहेर आला असेल म्हणून." पुढं काय झालं ते तुम्ही सांगितलं नाही.

तं आज. पोट्टी सगळ्यांच्या पुढं गेली, नेहमीसारखी. मी पहिल्या रपट्यावरूनच परतली, गुडघा कुरकुरते आताशा. चहा घेऊन बसली, एकेक जण येऊन आपला टॅग काढून राहिला होता. मधे मी मागच्या बाजूले गाडीवर सायकली बांधायले गेली. तेवढ्यात गार्ड मोटरसायकलवर आला. म्हणे, हत्तींचा कळप नदीकडे उतरून राहिला, रस्ता ओलांडणार, दोन्हीकडून अडवतो आहोत. "मैडम, आपके सब लोग निकल गए?" मी तारेकडे पाहिलं. तारेवर एकही टॅग नव्हता. मी म्हटलं, "हाव, सब आ गए." त्यानं रस्त्यावर बांबू आडवा टाकला, तिथं हत्तीवर नजर ठेवणारा एक म्हातारा गाववाला बसवला आणि दुसरं टोक अडवायले निघून गेला.

मी पोट्टीसाठी चहा सांगितला. टपरीवालीनं ग्लास ठेवला, आणि त्या ग्लासाले हात लावायले कोणी आलं नाही.

"पोट्टी कुठं आहे?" मी विचारलं. खुर्सीपारचा एक नवीन माणूस आहे आमच्यात, महिनाभरच झाला, मनानं चांगला. तो पुढं आला. "दीदी, उसका टॅग तो मैंने उतार दिया. मोड़ पे मुझसे आगे थी, मैंने सोचा आके भूल गई होगी. आप लोगों को रुकना न पड़े करके."

बाबा, मी त्याले मारलं नाही एवढंच. तोंडाले येईल ते बोलली, मराठी, हिंदी, जे सापडेल ते. "तुम्हें दिखी थी क्या? मंग कावून काढला? कावून?" तो बिचारा हात जोडून उभा, आणि माझा आवाज तुमचाच झालेला. मोबाइल लावला, तिथं कुठलं आलं नेटवर्क. मी सायकल घेतली आणि बांबूखालून घातली, तं म्हाताऱ्यानं हँडल धरलं. मी तिच्या नावानं हाक मारायले तोंड उघडलं, त्यानं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "झन चिल्ला दीदी. लइका वाली हाथिन हे." पिल्लाची हत्तीण आहे, ओरडू नको.

मी उभी आहो. रस्ता सरळ जाते आणि वळणावर संपते. डाव्या बाजूले, नदीच्या अंगाले, बांबू मोडल्याचा आवाज येते, मंग काहीच नाही, मंग पुन्हा येते, या वेळी जवळ. माझी पोरगी त्या वळणाच्या पलीकडे आहे आणि मले तिच्या नावानं हाक मारता येत नाही. आई असून मले हाक मारता येत नाही, बाबा, हे कसलं जिणं! ती गाणं ऐकत असेल तं? कानात ते बोंडूक घालून, मस्त उतारावरून येत असेल तं? किती वेळा सांगितलं, जंगलात कान उघडे ठेव. नवीन माणूस मागं जमिनीवर बसून रडून राहिला होता, मले त्याचाही राग येत होता आणि कीवही.

आणि तिथं उभं राहून मले तुमची आठवण आली, पण त्या बोलण्याची नाही. मी सोळाची झाल्यावर तुम्ही मले या रस्त्यावर एकटीले सोडलं होतं. आई नको नको म्हणत होती. तुम्ही म्हणाले, जाऊ दे तिले. आणि इथंच टपरीपाशी असेच उभे राहत असाल, मी येईपर्यंत. मी आली की तुम्ही नुसतं "आली का" म्हणायचे, चहाचे पैसे देऊन टाकायचे. मले वाटायचं, बाबाले काही फिकीरच नाही. तुमाले जमत कसं होतं? आवाज न काढता उभं राहणं?

म्हाताऱ्यानं माझा दंड दाबला. वळणावर रस्त्यात काहीतरी हललं. ती होती. चालत. सायकल खांद्यावर घेतलेली, बूट काढून गळ्यात लटकवलेले, मोज्यांवर, एक पाऊल टाकायची आणि थांबायची. तिच्या मागं, पार मागं, रस्त्याच्या मधोमध एक करडा डोंगर उभा होता आणि त्याच्या पायाशी एक लहान. ती मागं पाहत नव्हती. मले दिसलं की तिनं मले पाहिलं, आणि तरी ती धावली नाही. मी मनात म्हणत होती, धावू नको, धावू नको माय, धावू नको. हत्तीण कान हलवत उभी राहिली, मंग पिल्लाले सोंडेनं ढकललं आणि दोघंही पलीकडच्या झाडीत उतरले.

बांबूखालून आल्यावर तिनं सायकल खाली ठेवली. पंक्चर झालं होतं, नदीवर बसून काढत होती, तेव्हा कळप पाण्यात आला. "चाक फिरलं की मागचं फ्रीव्हील टिकटिक करते ना आई, म्हणून उचलून आणली." मंग ती तिथंच डांबरावर बसली. मी तिले धरलं, सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडली. नवीन माणसाले तीच म्हणाली, "भैया, होता है." मले तसं म्हणता आलं नाही, अजून आलं नाही.

गार्ड परत आला, त्याची माफी मागितली. तो भला माणूस. म्हणे, दोन-तीन दिवसांत कळप वर सरकेल, आमाले फोन करून खुशाल या.

गाडीत तिच्या अंगात पुन्हा जीव आला. पिल्लू कसं पाण्यात घसरलं ते हातवारे करून सांगत होती, डोळे असे चमकत होते की मले पाहवेना. जामुलकडच्या फाट्यावर म्हणाली, "आई, नेक्स्ट संडे तीसरे रपटे तक चलेंगे ना?"

मी समोर पाहत गाडी चालवत होती. मी म्हटलं, "आता कुठलं. पावसाळ्यापर्यंत रस्ता बंद केला खात्यानं. गार्डनं सांगितलं मले." ती तोंड मिटून खिडकीबाहेर पाहत राहिली, घरापर्यंत.

खात्यानं काही बंद केलेलं नाही, बाबा. हे पत्र मी आताच फाडणार आहो, कावून की या घरातला कुठलाही कप्पा ती उघडते, आणि हे वाचलं तं पुढच्या रविवारी ती मले न विचारता जाईल.