पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे

चामराजपेट, बेंगळूर
९ मार्च १९६४

प्रिय विद्या,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील, आणि ओळखल्यावर पाकीट उघडण्याआधी उजेडासमोर धरून बघशील. निदान मी तरी तसंच केलं असतं. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम हे जाड पाकीट, तेव्हा यामागे काहीतरी असणार असं तुला वाटेल. आहेच. पण ते लगेच लिहायला हात वळत नाही. आधी इकडचं थोडं सांगते.

अण्णांना आता डाव्या डोळ्यानं दिसत नाही. तरी संध्याकाळी देवळापर्यंत एकटे चालत जातात आणि सोबत कुणी निघालं तर रागावतात. अम्मा तुझी आठवण काढते, 'ती पुण्याची पोर' असंच म्हणते. तू नोकरी सोडून सांगलीला मावशीकडे गेलीस एवढंच तिला ठाऊक आहे; का गेलीस ते मी घरात कधी सांगितलं नाही. तुझ्या हेमलतावहिनी कारखान्याच्या कॉलनीच्या बसथांब्यावर अधूनमधून दिसतात. मी दिसले की पदर सारखा करून दुसरीकडे बघतात. पहिली दोन वर्षं माझी खात्रीच होती की त्या बायकांमध्ये माझ्याविरुद्ध काहीबाही पसरवताहेत. त्या कुणाशी बोलताना दिसल्या की मी मुद्दाम जवळून जायची, कान टवकारून. त्या रेशनच्या साखरेबद्दल बोलत असायच्या.

माझा हा स्वभाव तुला नवा नाही. अठ्ठावन्नच्या जूनमध्ये तू वाइंडिंग खात्यात माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसलीस. तुझे पद्माकरदादा इंजिनिअर म्हणून लागले होते, त्यांच्यापाठोपाठ तुलाही इथं काम मिळालेलं. बारीक तार गुंडाळताना तुझी बोटं कापायची आणि तू हसायचीस. माझं मराठी ऐकूनही हसलीस. 'थोडं थांब'ऐवजी 'स्वल्प थांब' म्हटलं की तुला हसू आवरायचं नाही. आमचं घराणं तीनशे वर्षं इथं आहे, आमचं मराठी असंच, असं मी ठसक्यात सांगितलं खरं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ही आपल्याला कमी समजते का, याचाच विचार करत राहिले. दुसऱ्या दिवशी तू फाटकावरच्या मुनियप्पा पहारेकऱ्याकडे 'स्वल्प नीरु' म्हणून पाणी मागितलंस, तेव्हा तर ही माझी नक्कल करते यात मला शंका उरली नाही. तू बिचारी कन्नड शिकत होतीस.

धावायचं वेड तुझं. मला ते तू लावलंस. दिवसपाळी सुटल्यावर सव्वासहाच्या बसपर्यंत आपण कॉलनीला फेऱ्या मारायचो, आणि क्रीडा-कारकून भीमाचार्य हातात घड्याळ घेऊन उभे असायचे. एकोणसाठच्या डिसेंबरात वार्षिक दिनाला बायकांची शर्यत ठेवायचं ठरलं ते त्यांच्याच हट्टानं. दिवसा ठेवली तर अख्खा कारखाना बघायला जमेल आणि निम्म्या मुलींना घरून परवानगी मिळणार नाही, म्हणून रात्री आठला. दोन मैल. फाटकापासून क्वार्टर्सच्या कडेनं पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपाशी डावीकडे वळून मैदानावर. मागच्या रस्त्याला तेव्हा दिवे नव्हते, म्हणून वळणावळणावर माणूस कंदील घेऊन उभा राहणार होता.

भीमाचार्यांनी प्रत्येकीला आपलं लक्ष्य चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितलं होतं. तू लिहिलंस, सोळा मिनिटांच्या आत. मी लिहिलं, पहिला नंबर. ते वाचून ते म्हणाले, "पहिला नंबर दुसऱ्यांच्याही पायांवर असतो, अम्मा. तुझ्या पायांचं काय ते लिही." मी चिठ्ठी बदलली नाही. तुला मी कारण सांगितलं नव्हतं. पहिल्या तिघी मैसूरला राज्याच्या स्पर्धेत जाणार होत्या आणि अण्णांनी माझ्यासाठी हुबळीचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. मी हिय्या करून म्हटलं, मी पहिली येऊन मैसूरला गेले तर लग्नाचं वर्षभर काढायचं नाही. अण्णा 'सरी' म्हणाले, म्हणजे ठीक आहे. माझं सगळं त्या दोन मैलांवर होतं, आणि जिच्याशिवाय मला धावता आलं नसतं तीच माझ्या वाटेत होती.

तेव्हापासून मी तुझ्यावर नजर ठेवायला लागले. आता लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. तू रोज माझी वेळ विचारून तुझ्या वहीत टिपायचीस. का? मी तुझी टिपत नव्हते. तुझी जुनी सलवार तू मला धावायला दिलीस. तिची नाडी मी रात्री कंदिलापुढं धरून तपासली, कुठं विरलेली ठेवली नाही ना म्हणून. शर्यतीच्या दिवशी तू मला कॉफी पिऊ दिली नाहीस, दोन केळी खायला लावलीस. मी केळी पदराआड टाकून दिली आणि उपाशी धावले. आणि आदल्या संध्याकाळी मी तुला टाकीपाशी बघितलं. तू मुनियप्पाला वळण दाखवत होतीस, आणि इकडंतिकडं बघून त्याच्या हातात एक बाटली दिलीस. मी भिंतीआड उभी होते. तुला विचारायला दहा पावलं चालायची होती. मी चालले नाही.

शर्यत तुला आठवतेच. अकरा जणी होतो. क्वार्टर्स संपेपर्यंत मी सगळ्यांच्या पुढं होते आणि मागं तुझीच पावलं होती, ती मला लगेच ओळखू यायची. टाकीपाशी कंदील नव्हता. मी सरळ निघून गेले, निलगिरीच्या झाडांमधून वीटभट्टीच्या वाटेला. मागून आवाज आला तेव्हा मी वेग आणखी वाढवला. भट्टीची धग तोंडावर आली तेव्हा कळलं की रस्ता चुकला. परत मैदानावर आले तर बक्षिसं वाटून झाली होती आणि तिसऱ्या नंबरावर तू उभी होतीस. घामानं ओल्या हातांनी तू माझे खांदे धरायला आलीस आणि मी तुला सगळ्यांसमोर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहून दिली: विद्यानं पहारेकऱ्याला बाटली देऊन कंदील हलवायला लावला. समिती बसली. मुनियप्पानं शपथेवर सांगितलं की कंदील जागचा हलला नाही, बाटलीबिटली कुणी दिली नाही. तू म्हणालीस की कंदील तिथं नव्हता, आणि मी पुढं गेल्याचं बघून तू माझ्यामागं आलीस, हाका मारल्यास. मग मला बोलावलं. त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मी दिलं आणि बाहेर आले. तुझं नाव मैसूरच्या यादीतून काढलं. पद्माकरदादांनी महिनाभर कारखान्यात मान वर केली नाही. तू मार्चअखेर राजीनामा दिलास. हुबळीकरांनी आपणहून नकार कळवला, आणि खरं सांगते, त्यांना तूच पत्र टाकलं असशील असंही माझ्या मनात आलं.

आता जे लिहिते ते तुला ठाऊक नाही. तू जायच्या अकरा दिवस आधी, एका रविवारी मी आनेकलची बस धरली. मुनियप्पा जानेवारीत निवृत्त होऊन तिकडं आपल्या खेड्यात राहायला गेला होता. समितीसमोर तो खोटं बोलला हे मला ठाऊक होतं; बाटली मी डोळ्यांनी पाहिली होती. त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायचं आणि तुझी उरलीसुरली अब्रूही घालवायची, एवढ्यासाठी मी उन्हातून दोन मैल चालत गेले. तो गोठ्यापाशी दोरी वळत बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. मी बाटलीचं विचारलं तेव्हा म्हणाला, "रॉकेल होतं, अम्मा. कंपनीचे कंदील अर्धेच भरलेले असायचे. ती म्हणाली, हा मध्येच विझायला नको, माझी मैत्रीण सगळ्यांत पुढं असेल."

कंदील त्यानं स्वतःच हलवला होता. म्हैस रस्त्यात येऊन उभी राहिली, तिला हाकलायला तो कंदील घेऊन पलीकडं गेला, तेवढ्यात मी पुढं निघून गेले. मग तू आलीस. तुला वळण अंधारातही ठाऊक होतं, पण माझी पावलं सरळ रस्त्यावर ऐकून तू थांबलीस आणि निलगिरीपर्यंत माझ्यामागं धावलीस. जागा सोडली हे कळलं तर साहेब आपलं काय करतील, या भीतीनं तो समितीपुढं सगळंच नाकारून बसला. निघताना त्यानं माझ्यापुढं हात जोडले, कुणाला सांगू नको म्हणून.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं होतं की तुझ्याकडं जायचं. पण कॉलनीच्या थांब्यावर उतरलेच नाही, तशीच पुढं घरी आले. मुनियप्पाला शब्द दिला आहे, असं स्वतःला सांगितलं. तुझ्या शेवटच्या दिवशी तू माझ्या स्टुलाजवळ क्षणभर थांबलीस. मी तार मोजत राहिले. तू काहीतरी बोलशील आणि त्यात काहीतरी डाव असेल, असा मी मुद्दाम विचार केला, कारण तो विचार केल्याशिवाय मला मान खाली ठेवता आली नसती. मुनियप्पा गेल्या पावसाळ्यात वारला. त्याच्याआड लपायचीही सोय राहिली नाही.

या जानेवारीत मी पुन्हा धावले. भीमाचार्य यंदा निवृत्त होणार, त्यांनी बोलावलं. या खेपेला चिठ्ठीवर लिहिलं, सतरा मिनिटं. सतरा मिनिटं वीस सेकंद लागली, एकोणीस जणींत सातवी आले. मैदानाच्या कडेला बसून मी त्यांना सांगायला लागले, एका मुलीनं कोपर मारलं, वाटेत वाळू होती. ते ऐकत राहिले. मग घड्याळ खिशात ठेवत म्हणाले, "त्या वर्षी टाकीपाशी तुझी नजर कुठं होती?" मी म्हटलं, मागं. विद्या, ते वळण मी शेकडो वेळा धावले होते. मला कंदील लागत नव्हता. तू किती मागं आहेस ते बघायला मी मान वळवली आणि त्या चार पावलांत टाकी मागं पडली. एवढंच झालं होतं. सतरा मिनिटं वीस सेकंद लिहिलेल्या ओळीसमोर भीमाचार्यांनी माझी सही घेतली.

आणि तरीही हे पत्र लिहिलं नसतं. गेल्या जूनपासून मी वाइंडिंगमध्ये नाही, आस्थापना विभागात फायली सांभाळते. मागच्या मंगळवारी सांगलीच्या एका अध्यापक विद्यालयाचं पत्र माझ्या टेबलावर आलं. शारीरिक शिक्षणाच्या जागेसाठी तुझा अर्ज आहे, इथल्या तुझ्या वर्तणुकीबद्दल कळवावं. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? मी इथं बसते हे हेमलतावहिनींनी तुला कळवलं आणि तू मुद्दाम मला कोंडीत पकडलंस. तासाभरानं तो विचार आपोआप गळून पडला. तुझी फाईल काढली. आत माझी तक्रार होती आणि खाली समितीपुढचा माझा जबाब: 'मला कोणाच्याही हाका ऐकू आल्या नाहीत.' जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. ते दोन कागद काढून फाडले असते तर तुझी फाईल स्वच्छ झाली असती, जागा तुला मिळाली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. टाचणी मी काढलीही होती. पण मग पद्माकरदादांच्या आणि सगळ्या खात्याच्या लेखी तू तशीच राहिली असतीस, सुटले असते ती फक्त मी. कागद होते तसे लावले आणि त्यांच्यावर नवा जबाब लिहून जोडला. रस्ता मी माझ्या चुकीनं चुकले. रॉकेलचं आणि म्हशीचं मला चार वर्षांपासून ठाऊक आहे. हाका मला ऐकू आल्या होत्या, तीनदा, माझ्या नावानं. मला थांबवून ही पुढं जाणार असं वाटून मी थांबले नाही, आणि समितीपुढं खोटं बोलले. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि आत्ताच का, असं विचारलं. माझ्यावर मेमो निघेल, जागाही बहुधा जाईल. शनिवारी तुझ्या विद्यालयाला उत्तर गेलं. त्याची आणि माझ्या जबाबाची नक्कल या पाकिटात आहे, मुलाखतीला जाताना जवळ ठेव. एक नक्कल काल हेमलतावहिनींना नेऊन दिली. त्यांनी दारातच उभ्यानं वाचली आणि दार लावून घेतलं. तूही उत्तर दिलं नाहीस तर त्यात मी दुसरं काही शोधत बसणार नाही.

'तुझीच' लिहायला अजून धजत नाही, म्हणून नुसतीच,
सत्यवती