बोरदऱ्याच्या ओढ्याकाठचे बावीस गुंठे

मी, ज्योती आसाराम गर्जे, वय २९, नकाशे काढण्याची नोकरी, राहणार मौजे बोरदरा, ता. पाथर्डी, पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. धोका किती, हे डॉक्टरांनी टक्क्यांत सांगितले आहे. इथे लिहीत नाही.

मी अविवाहित आहे. हा कागद न करता गेले, तर वडिलांकडून आलेली जमीन आई आणि धाकटा भाऊ अजिनाथ यांच्याकडे, म्हणजे शेवटी अजिनाथकडेच जाईल. ती जाऊ नये.

१. गट क्र. २१२ पैकी बावीस गुंठे. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी आणि साडी घ्यावी, ही आमच्याकडची रीत. मी सही केली नाही, तेव्हा ओढ्यासकट हा तुकडा मिळाला. "ताई, तू नोकरीवाली. तुला कुठं पेरायचंय?" असे अजिनाथ म्हणाला.

२. आता त्यालाच तो हवा आहे. ओढा दहा महिने कोरडा असतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या त्यातूनच ये-जा करतात. विकास योजनेसाठी मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी विचारले, हे काय? अजिनाथ म्हणाला, "वाट हाय की. आमी रोज जातो." ते खोटे नव्हते. वहीत लिहिले गेले : अस्तित्वातील रस्ता, नऊ मीटर.

ते काम मी नोकरी करते त्या खाजगी कचेरीत आले. हा ओढा आहे, मी यात पोहायला शिकले, असे मी वरिष्ठांना सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, वहीत आहे ते काढा." मी काढले. ती रेघ माझी आहे, हे दुसऱ्या कोणी शोधण्याआधी मीच नोंदवते.

प्रारूप नकाशावर मुदतीत हरकत घेतली. 'नैसर्गिक जलप्रवाह' असे लिहिले, जुना गावनकाशा जोडला. पाहणी झाली गेल्या वर्षीच्या एप्रिलात. शेरा : जागेवर पाणी आढळले नाही. दोन्ही काठ रहिवास विभागात गेले. अजिनाथ मुरूम टाकून ओढा बुजवणार आणि प्लॉट पाडणार. माझ्या तुकड्याशिवाय रस्ता पुरा होत नाही. "दगडगोटे तर हायेत ताई, सही कर न् मोकळी हो," हे मी आतापर्यंत सात वेळा ऐकले आहे.

३. ओढ्याच्या वळणावर रतनबाई पालवे यांचे घर आहे. गेल्या पावसाळ्यात पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागले होते. ओढा बुजला तर पाणी घरातून जाईल. वरील बावीस गुंठे मी रतनबाईंना देते. विकू नये अशी अट घातली तर ती टिकणार नाही, असे वकील म्हणाले. म्हणून अट घातलेली नाही. माणूस निवडला आहे.

४. बँकेतील शिल्लक आणि स्कूटी आई पुष्पावती हिला. आईने शिल्लक अजिनाथच्या मुरमाला देऊ नये. ही विनंती आहे. ती मोडली जाईल, हे मला ठाऊक आहे.

५. माझी सहकारी अश्विनी राधाकृष्ण भोस हिने या कागदाची अंमलबजावणी करावी. ओढा वाहू लागेल त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून नकाशा दुरुस्तीचा अर्ज द्यावा. पाहणी पुन्हा उन्हाळ्यात ठरवली, तर तारीख लेखी नाकारावी.

६. रतनबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी, मला जमीन नगं. तुजा भाऊ माज्या दारात भांडाया येईल."

मी म्हणाले, येईलच.

त्या मग म्हणाल्या, "मग कागद पक्का कर."

त्यानुसार खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. दोघांनाही या कागदातून काहीही मिळणार नाही.

(सही) ज्योती आसाराम गर्जे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. अमृत श्रीमंत ढाकणे
२. (सही) वाल्मिक बिभीषण आव्हाड

पाथर्डी, दि. ८ एप्रिल २०२६