डाव्या वळणावरचा आवाज

प्रिय भाऊजी,

आज चिखलीच्या बाजारात आपल्या जीपवरच्या भोंग्याचा आवाज पुन्हा फाटला, म्हणून लिहितोय. नाहीतर गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा मी नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही होता तेव्हाही मी कधी दोन ओळी खरडल्या नाहीत. गरजच काय होती? तुम्ही पुढं स्टिअरिंगवर आणि मी मागं आवाज वाढवायच्या मशीनपाशी, दिवसभर तुमची बडबड ऐकत.

अगदी तसाच फाटला. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर, मग दोन-तीन शब्द चिरडलेले, मग परत स्वच्छ. आणि जागाही तीच! डावं वळण. भाजीबाजारातून आपण जुन्या पोस्टाकडे वळतो ना, तिथं.  पुंडलिक मान मागं वळवून ओरडला, "वसंता, काय करून राह्यला बे? मशीन पाय ना!"

मी मशीनला हातही लावला नाही. मशीनला काही झालेलं नव्हतं.

हो, तुमचा धाकटा भाऊ पुंडलिक आता तुमच्या जागेवर बसतो, हे सांगायचं राहिलंच. अक्कानंच बसवला त्याला. जीप विकून टाक म्हणून मी तिच्या मागं लागलो होतो, पण माझी बहीण झाली तरी बायको तुमचीच ना, कुणाचं ऐकते? "त्यायची जीप हाय, ते गावातून फिरली पायजे," एवढंच म्हणाली. मग मिस्त्रीनं वाकलेलं सरळ केलं, चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, लोखंडी पट्टी मारून वेल्डिंग केलं, वरून हिरवा रंग दिला. लांबून बघितलं तर काही घडलंच नाही असं वाटतं. मला तो रंग पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही.

पहिल्यांदा आवाज फाटला तो दिवस आठवतो का तुम्हाला? देऊळघाटात तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करत फिरत होतो. तुमच्या एका हातात माईक, एका हातात स्टिअरिंग. काय आवाज होता तुमचा! चुलीवरची भाकर तव्यावर सोडून बाया दारात यायच्या. त्या दिवशी वेशीपाशी वळलो आणि भोंगा खरखरला. ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, भोंगा रडून राह्यला तुमचा. आज घरी जा." तुम्ही माईकवरूनच तिला उत्तर दिलंत, "आजी, सिनेमाच रडवणारा हाय. भोंग्यानं आधीच पायला!" सगळी गल्ली हसली, मीही हसलो. आता वाटतं, म्हातारीचं तेवढं ऐकायला हवं होतं.

त्यानंतर आपण किती डोकं खाजवलं! माईक बदलला. भोंग्याचं युनिट उघडून आतला पडदा बघितला, तो धडधाकट. एकेक वायर हलवून पाहिली. जीप अंगणात उभी असली की आवाज खणखणीत. तुम्ही हॅलो हॅलो करून शेजाऱ्यांना कावून सोडायचात, तरी खरखर म्हणून नाही. रस्त्यावर निघालो की कधी यायची, कधी नाही. खड्ड्यात दणदण आदळलो तरी नाही, आणि साध्या गुळगुळीत रस्त्यावर अचानक हजर! मी म्हटलं, मशीनमध्येच काहीतरी सुटलंय, खामगावला दाखवू. तुम्ही म्हणालात, "तुले हरेक गोष्टीले खामगाव पायजे."

शेवटी तुम्हीच ओळखलंत. "वसंता, डाव्या वळणावरच फाटते. फक्त डाव्या." मला तेव्हा तुमच्या डोक्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! मशीनला करंट येतो बॅटरीतून, आणि परतीचा रस्ता म्हणजे जीपचं लोखंड. ती परतीची वायर तुम्ही तुमच्याच पायाखाली दाबली होती. मिलिटरीच्या लिलावातली जीप, स्टिअरिंग डाव्या अंगाला. स्टिअरिंगचा डबा चेसिसला ज्या बोल्टांनी आवळलेला असतो, त्यातल्याच एका बोल्टाखाली ती वायर. बोल्ट मोठा, हाताशी, वर रंगही नाही, म्हणून तो निवडलेला. वळताना तिथला जोड सुटतो, मशीनला करंट अपुरा पडतो आणि आवाज फाटतो. बरोबर होतं तुमचं, शंभर टक्के बरोबर. लगेच वायर काढलीत आणि सरळ बॅटरीच्या खुंटीला नेऊन बांधलीत.

पण भाऊजी, तिथला जोड का सुटतो, हे का नाही विचारलंत? इतकं सगळं डोकं लढवलंत आणि पुढचा एक प्रश्न नाही?

तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही. कुठल्याही भोंगेवाल्यानं तेच केलं असतं. आवाज स्वच्छ झाला की आपलं काम संपलं. एखादा गाडीवाला असता तर वाकून त्या बोल्टाला पान्हा लावून बघितला असता. आपण त्या जीपकडे गाडी म्हणून कधी पाहिलंच नाही. भोंगा वर बांधायला आणि बॅटरी खाली ठेवायला चार चाकांची सोय, एवढीच आपल्या लेखी तिची किंमत.

संध्याकाळी अंगणात तुम्ही माईक घेऊन बोललात. अक्का पिठाचे हात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आता कसा गोड लागून राह्यला आवाज!" तुम्ही चक्क लाजलात. माझ्या डोळ्यांपुढं तुमचा तोच चेहरा राहिला आहे.

नंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही राजूरचा घाट उतरत होता. मी खामगावला नवीन युनिट आणायला गेलो होतो, म्हणून मागं उरलो. रस्त्यातली गुरं बाजूला व्हावीत म्हणून घाटात तुम्ही माईक चालूच ठेवायचात. खालच्या गुराख्यांनी मला सांगितलं, आवाज अखेरपर्यंत स्पष्ट येत होता, जरासुद्धा खरखर नव्हती. रस्ता डावीकडे वळला आणि जीप वळली नाही. धुळीत चाकांच्या खुणा सरळ कडेपर्यंत गेल्या होत्या. जीप सागाच्या झाडांना अडकून राहिली. तुम्ही नाही राहिलात.

मिस्त्रीनं नंतर मला एकट्याला बोलावून घेतलं. स्टिअरिंगचा डबा सुटून लोंबकळत होता. चेसिसची भोकं घासून घासून लांबट झालेली, कडा चकचकीत. तो म्हणाला, "ये एक दिन का काम नहीं, भैया. महीनों से हिल रहा था." म्हणजे डावीकडे वळताना तो सैल डबा ओढला जायचा, म्हणूनच बोल्टाखालचा जोड सुटायचा. महिनोन्‌महिने ती जीप आपल्याला सांगत होती, भाऊजी. गावोगावी, भर बाजारात, भोंग्यातून ओरडून सांगत होती. आपण तिचं तोंड बंद केलं आणि वर आवाज किती छान म्हणून खूश झालो.

हे मी अक्काला सांगितलं नाही. कसं सांगणार? तिनं त्या आवाजाला गोड म्हटलं होतं.

पण एक गोष्ट केली. दुरुस्त जीपमध्ये मशीन बसवताना ती परतीची वायर मी मुद्दाम पुन्हा त्याच बोल्टाखाली दाबली. पुंडलिकनं बघितलं आणि हसला. "अबे, दादानं इथून काहाडली होती ना?" मी म्हटलं, हाव, काढली होती. आणि बोल्ट आवळून घेतला. तेव्हापासून प्रत्येक डाव्या वळणावर मी श्वास धरून बसायचो. लोक जाहिरात ऐकायचे, मी फक्त खरखर ऐकायचो. इतके दिवस आली नाही, आणि आज आली.

दुपारी घरी आल्याबरोबर पुंडलिकला म्हटलं, जीप आत्ताच्या आत्ता मिस्त्रीकडे ने. त्याला ते कुठलं पटायला! "उद्या घाटाखालच्या गावायमंदी निवडणुकीचा प्रचार हाय. पयलं मोठं काम हाय माह्यं. नवी पट्टी मारेल हाय, मिस्त्रीनं ग्यारंटी देल्ली. तुले दादाचं भूत दिसून राह्यलं, वसंता."

"मंग मी येत नाही," मी म्हटलं.

"नोको येऊ. मशीन मले बी चालवता येते."

आणि त्यानं पान्हा घेतला, ती वायर काढली आणि बॅटरीच्या खुंटीला नेऊन बांधली. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. तुमचंच रक्त, तुमचंच डोकं, आणि पुढचा प्रश्न त्यालाही पडला नाही.

हे लिहितोय तेव्हा तो अंगणात जीपमध्ये बसून माईक तपासतोय. हॅलो, हॅलो. एकही ओरखडा नाही. आणि भाऊजी, आवाज तुमचाच आहे हो! इतके दिवस माझ्या ध्यानात कसं आलं नाही? अक्का चुलीपासून उठून दारात येऊन उभी आहे. पदर तोंडाला लावून ऐकते आहे आणि हसते आहे. तुम्ही गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

आता मी काय करू, सांगा ना! गप्प बसलो तर हा पोरगा उद्या सकाळी त्याच घाटात उतरतो. माझं तो ऐकत नाही. ऐकेल तर फक्त तिचं. आणि तिला सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की अक्का, ज्या आवाजानं तू आत्ता हसलीस, तसल्याच स्वच्छ आवाजात ते गेले. मला तुमचा राग येतो भाऊजी. मला एकट्याला हे ऐकायला ठेवून गेलात.

मध्येच उठलो होतो. आता दिवेलागण झाली आहे. कागदाला काळे डाग पडलेत, ते ग्रीसचे आहेत, चालवून घ्या.

अक्काला आत बसवून सगळं सांगितलं. वायर, बोल्ट, ती लांबट भोकं, सगळं. वाटलं होतं रडेल, मला दोन शिव्या घालेल. तिनं परातीतलं पीठ बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी मले चांगलं वाटलं, तवाच वाईट होऊन राह्यलं होतं." मी हो म्हटलं. 

ती उठली ती सरळ अंगणात गेली. पुंडलिक बॉनेट उघडून पाणी भरत होता. तुमच्या माघारी अक्का त्या जीपला शिवलीसुद्धा नव्हती. आज पदर खोचून तुमच्या सीटवर चढून बसली आणि माईक उचलला. भोंगा चालूच होता. घरात बोलते तशाच आवाजात ती बोलली, आणि ते सगळ्या आळीला ऐकू गेलं.

"पुंडलिक, मी तुही वहिनी बोलून राह्यली. तू चड्डीत होता तवापासून तुले वाढवलं म्या. त्या डब्याखालचं लोखंड मले दाखवल्याबिगर घाटात गेला, तं ह्या घराचा उंबरा तुले बंद. एक गेला, तो मले समजलं नाही म्हून गेला. आता समजलं हाय."

आळीतली माणसं दाराबाहेर आली. विधवा बाई, जीपवर चढून, माईकवर!  पुंडलिकनं पाण्याचा डबा खाली ठेवला आणि मुकाट्यानं पान्हा आणला.

आम्ही दोघं जीपखाली शिरलो. पट्टी जागेवर होती. वेल्डिंग पक्कं होतं, मिस्त्रीनं काही लबाडी केलेली नव्हती. क्षणभर वाटलं, खरंच आपल्याला भूत दिसतंय आणि त्यापायी अक्काला उगाच जाळलं. मग हातातल्या टॉर्चचा उजेड जरा पुढं सरकवला. पट्टी संपते तिथून चेसिसलाच चीर गेली होती, वरच्या कडेपासून पार खाली. थोडंसं लोखंड शिल्लक होतं, त्यावर सगळं स्टिअरिंग तोललेलं. डावीकडे वळलं की चीर उघडायची आणि बोल्टाखालचा जोड हलायचा. पुंडलिकनं चिरेत नख घातलं, ते सगळं आत गेलं.  तो बाहेर येईना. मी त्याच्या दंडाला धरलं.

अक्का वाकून म्हणाली, "हाय का काही?"

"हाय," तो जीपखालूनच म्हणाला. "वहिनी, हाय."

तेव्हा ती रडली. तुमच्या वेळी रडली नव्हती तेवढी रडली.

उद्या जीप जात नाही. प्रचारवाल्यांना निरोप धाडला आहे, ते दुसरा भोंगा बघतील. जीप ठेवायची की भंगारात घालायची ते अक्का ठरवेल. मला विचाराल तर नकोच. आज चीर इथं सापडली, आणखी कुठं असेल कोण जाणे. 

भाऊजी, तुम्हाला वचन देतो. ही जीप असो नाहीतर दुसरी, मी मशीनपाशी बसतो आहे तोवर परतीची वायर त्या बोल्टाखालीच राहील, कुणी कितीही हसलं तरी. आवाज फाटला की आधी गाडी उभी राहील, पुंडलिकला मी हाताला धरून खाली उतरवीन, आणि त्यानंतरच भोंग्याकडे बघेन.

तुमच्या मागच्या सीटवरचा,
वसंता