आईच्या रक्तातलं मीठ

मंगळवार, २१ मे १९७४

बाबांना जाऊन आठवडा झाला. त्यांना बरं वाटावं म्हणून आईनं महिनाभर मीठ सोडलं होतं. या उन्हात घाम गाळत नुसतं पाणी पीत राहिली. परवापासून भलतंच बोलायला लागली म्हणून काल दवाखान्यात आणलं. आज रक्ताचा रिपोर्ट आला, सोडियम फार खाली गेलंय. डॉक्टर म्हणाले, मिठाशिवाय मेंदू चालत नाही.

बाबा तिच्या लक्षात आहेत. ते गेले, एवढंच विसरली आहे.

माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "केस काहून काढले गा?"

"ऊन किती तपून राहिलं," मी म्हटलं.

मग वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे बघून म्हणाली, "बाटलीत मीठ तं नाही ना? तुह्या बाबाले बरं वाटू दे, मंग खाईन."

"साखरेचं पाणी आहे."

मिठाचंच आहे. दुसरं काय सांगणार होतो?

सलाईन थेंब थेंब चाललंय. डॉक्टर म्हणतात, एक-दोन दिवसांत भानावर येतील. येईल. मग माझ्या डोक्याकडे बघेल, आणि काहीच विचारणार नाही.