डाव्या बाजूचा स्पीकर

३ फेब्रुवारी, सोमवार

आवाजाचं बटण पुन्हा खरखरलं. आज ठरवायचंच — आधी काय बदलायचं? अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर की रेकॉर्ड प्लेअर? एका वेळी एकच होईल. माझ्याच्यानं धावपळही एकाच वस्तूपुरती होईल, गुडघे साथ देत नाहीत.

पण माझ्याकडे मुळात आहे तरी काय? अ‍ॅम्प्लिफायर आणि डाव्या बाजूचा एक स्पीकर. रेकॉर्ड प्लेअर, रेकॉर्डींची पेटी आणि उजवा स्पीकर भुजंगअण्णाकडे, चारठाण्याला. सहा वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा दत्तरावमामा पंच म्हणून बसले होते. शेत निम्मं, भांडी निम्मी, स्टीरिओ निम्मा! तिकडे प्लेअर आहे, पण अ‍ॅम्प्लिफायरशिवाय तो मुका. इकडे अ‍ॅम्प्लिफायर आहे तर रेकॉर्डी नाहीत. मी मोबाइलची वायर जोडून भागवतो. दोघांची बोलाचाली तेव्हापासून बंद.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रेणुकाला विचारलं, आधी काय बदलू? म्हणाली, "आधी कान कोरून घ्या. तिसऱ्या हाकेला ओ देता." बायकोला विचारायला जाऊच नये!

९ फेब्रुवारी, रविवार

परभणीला जाऊन आलो. एसटीत बसायला जागा मिळाली हेच नशीब. अ‍ॅम्प्लिफायरचं वजन पहिल्यासारखं पेलत नाही. वजन तेच असणार म्हणा.

दुरुस्तीवाल्या सिद्धोधननं दुकानात तो उघडला, ब्रशनं झाडला, काहीतरी फवारलं. "मुनीमजी, ह्याला काय बी धाड भरली न्हाई. धूळ लय साचलीय नुसती." (मानवतच्या जिनिंगात एकतीस वर्षं काट्यावर कापूस मोजला, म्हणून सगळे अजून मुनीमजीच म्हणतात.) मग त्यानं विचारलं, "दुसरा स्पीकर कुठाय?"

"खराब झाला." सरळ खोटं बोललो.

त्यानं दुकानातले दोन स्पीकर जोडले आणि माझ्याच मोबाइलमधलं जुनं भजन लावलं. डावीकडून बुवानं ओळ टाकली — आणि उजवीकडून मागच्या सगळ्यांनी ती उचलली! मी चमकलोच. ह्या भजनाला मागे म्हणणारी माणसं आहेत हे मी पार विसरलो होतो. सहा वर्षं मी एकट्या बुवालाच ऐकत होतो, आणि तो ओळ म्हणून मध्येच इतका वेळ गप्प का राहतो, असं मला वाटायचं.

सिद्धोधन हसला. "निम्मं गाणं ऐकायलात तुमी. बाकी सगळं ऱ्हाऊ द्या, आधी स्पीकरचा नवा जोड घ्या. न्हाई तर दोन्ही बाजू एकातच जोडून देतो. दहा मिन्टाचं काम हाय."

एकात जोडायला नको म्हणालो. का, ते त्याला सांगता आलं नाही. इथे लिहितो — तसं केलं असतं तर उजव्याची गरजच संपली असती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाय दुखतायत. दिवसभर पडून होतो. पडल्या पडल्या सत्त्याऐंशी साल आठवत बसलो.

अण्णाचा कापूस आणि माझे पहिले काही पगार मिळून घेतला होता तो स्टीरिओ. नांदेडहून. येताना गाडीत एकानं विचारलं, खोक्यात काय हाय? अण्णा म्हणाला, "गवई हायत दोन. झोपलेत, उठवू नका." सगळा डबा हसला. मानवत रोड स्टेशनला उतरून पुढे बैलगाडी. त्या संध्याकाळी अंगणात अर्धं गाव. अण्णानं ते डावं-उजवं करायचं बटण फिरवलं, तसा आवाज अंगणाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला, आणि त्याच्यामागे चांगली जाणती माणसंसुद्धा इकडून तिकडे पळाली! अण्णा पुन्हा पुन्हा फिरवत होता. इतका हसलेला मी त्याला नंतर पाहिला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिल्या दिवशी इथे असं लिहिलं, जणू स्टीरिओ मामांनीच वाटून दिला. ते खरं नाही. वहीत तरी खरं लिहावं माणसानं.

मामा म्हणाले होते, "हे गाण्याचं सगळं धाकट्याला जाऊ द्या." अण्णाही म्हणाला, "नेऊ द्या त्याला. मला कुठं येळ हाय?" मीच नाही म्हणालो. "न्याय म्हणजे न्याय. ह्याचंही निम्मं-निम्मं करा." सकाळी विहिरीच्या बांधावरून आमची वादावादी झाली होती. तो मला म्हणाला होता, "तू काट्यावर बसून मापं टाकणारा. तुला मातीतलं काय कळतंय?" ते माझ्या मनात खुपत होतं. म्हटलं, घे मग माप!

मामांना वाटलं मी चेष्टा करतोय. अण्णालाही वाटलं, तो हसला. मग त्यानं माझं तोंड बघितलं. उजव्या स्पीकरची वायर त्यानं स्वतःच सोडवली, व्यवस्थित गुंडाळली आणि स्पीकर उचलून बाहेर गेला.

आयुष्यभर मी किलोचा किलोच मोजला, कुणाचं बोंडभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. त्याच अक्कलहुशारीनं घरात हा मूर्खपणा केला. ह्या गोष्टीची मला लाज वाटते. सहा वर्षांत कुणाजवळ बोललो नाही, रेणुकाजवळसुद्धा नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोन हातात घेतला. अण्णाचा नंबर पाठ आहे. ठेवून दिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बसस्टँडवर प्रियंका भेटली, अण्णाची धाकटी लेक. परभणीला नर्सिंग शिकते, इथे मैत्रिणीच्या हळदीला आली होती. सगळ्यांदेखत पाया पडली. माझी तारांबळ उडाली. ऊस घे म्हणालो, रस! उन्हं नाहीत अजून, पण घेतला बिचारीनं.

बाप कसा आहे विचारलं. म्हणाली, "बाबा थकलेत, काका. मोतीबिंदूचं आपरेशन झालं. तरी रेकॉर्ड प्लेअर रोज पुसतेत. आई म्हणती, वाजत तर न्हाई, कशाला पुसायलाव? तर म्हणतेत, असू दे."

मी रसाचे पैसे दिले. जाताना म्हणाली, "फोन करा की काका. तुमी मोठे व्हा एकदा."

"करतो," म्हणालो. "आज-उद्या करतोच."

२२ फेब्रुवारी, शनिवार

केला नाही.

काय बोलायचं? चुकलो म्हणायचं? साठीच्या माणसाच्या तोंडातून तेवढा एक शब्द निघू नये! आणि तो म्हणाला, आता कशाला, तर? मग कुठे तोंड लपवू? विचार करूनच दमायला होतं. जेवणही गेलं नाही.

शेवटी संध्याकाळी फोन केला — सिद्धोधनला. नवा जोड घेऊन ये म्हणालो. मंगळवारी येतो म्हणाला. जुना स्पीकर तो मोडीत घेईल.

म्हणजे ठरलं एकदाचं, आधी काय बदलायचं ते. पैसे टाकून मिटत असेल तर मिटवावं, असा विचार केला. भित्रेपणा आहे हा, मला कळतं. पण आता ह्या विचारात एकही दिवस घालवायची ताकद नाही माझ्यात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नवा जोड लागला. आवाज उत्तम. तबला इकडे, पेटी तिकडे, मध्ये गाणारा. रेणुका म्हणाली, "छान वाटतंय हो." स्वयंपाक सोडून पाच मिनिटं बसली.

जुन्याचं खोकं सिद्धोधननं अंगणातच उघडलं. आतलं लोहचुंबक दुसऱ्या कामाला येतं म्हणाला. वरचा काळा कागदी पडदा त्यानं हातानंच टरकावला. सदतीस-अडतीस वर्षं टिकलेला कागद, एका ओढीत फाटला. "एकटा काय कामाचा, मुनीमजी?"

मी शेजारीच उभा होतो. थांब म्हणालो नाही. चहा पिऊन, चुंबक पिशवीत टाकून तो गेला. लाकडी खोकं रेणुकानं चुलीला फोडलं.

दुपारी पुन्हा भजन लावलं. सगळं पूर्ण ऐकू येत होतं. मध्येच बंद केलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णा आला. न कळवता, दोन गाड्या बदलून. डोळ्याला काळा चष्मा, हातात बारदानात शिवून आणलेला उजवा स्पीकर. दारातूनच म्हणाला, "प्रियंका म्हणली तू फोन करणार हाइस. आठ दिस वाट बघितली. मग म्हणलं, आपूनच जावं. चल, जोडून बघू. तुझा कुठाय?"

रेणुका मध्ये पडली. आधी जेवून घ्या म्हणाली. आता तो आत जेवतोय, तिच्याकडून भाकरी मागून घेतोय, मोठमोठ्यानं बोलतोय. मी इकडे वही घेऊन बसलोय. जेवण झालं की पुन्हा विचारील.