दुपारचे तास

३ ऑगस्ट, शनिवार

पहिला आठवडा कुठल्याही वर्गात जाऊन बसा म्हणे! आवडलं तर विषय घ्या, नाही आवडला तर उठून दुसरीकडे जा. म्हणजे नंदनवनच की! सकाळपासून कॉलेजची पुस्तिका घेऊन बसले आहे. तर्कशास्त्रात नीट भांडायला शिकवतात का? समाजशास्त्रवाले दिवसभर करतात काय? भूशास्त्रात नुसते दगडच असतात?

आई म्हणाली, "आता कॉलेजवाल्यांचं डोकं खा. आमची सुटका झाली!"

नाक खुपसायची खोड मला लहानपणापासूनची. आणि जन्म कुठे, तर किल्ल्या बनवणाऱ्याच्या घरी! बाबांच्या दुकानाचा पहिला नियम – किल्ली बनवायची, दार कुणाचं ते विचारायचं नाही. मी विचारतेच. मग बाबा गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून माझ्याकडे असे बघतात, की मी गपचूप कानस उचलते.

एक मात्र नक्की. तास सगळे सकाळचेच घ्यायचे. दुपारी दुकान. हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलंय. हिवाळ्यापासून बाबांचा उजवा हात थरथरतो. साध्या किल्ल्या मशीनवर निघतात, पण तिजोरीची, जुन्या कपाटाची किल्ली हातानेच घासावी लागते, आणि ती आता मी घासते. गिऱ्हाइकांना बाबा सांगतात, "पोरगी ऐकतच नाही हो, मलाच करू दे म्हणते." मीही मान डोलावते. हिशेबशास्त्राचे तास सकाळी असतात. म्हणून हिशेबशास्त्र.

४ ऑगस्ट, रविवार

नवे बूट चावतात. आई म्हणते, नवं सगळं आधी चावतंच.

५ ऑगस्ट, सोमवार

हात दाखवून अवलक्षण! दुसरं काय म्हणणार?

आज नव्या मुलांचं ओरिएंटेशन. आमच्या गटाला वाट दाखवायला तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. सारखा म्हणत होता, "विचारा, काहीही विचारा!" कुणी तोंड उघडेना, म्हणून मीच विचारत सुटले. ग्रंथालयात खालच्या मजल्यावर काय आहे? घंटा कोण वाजवतं? नापास झालं तर कोण सांगतं? शेवटी तो म्हणाला, "इतरांनाही संधी देऊया." माझ्या शेजारी एक उंचच उंच मुलगी होती. ती जी फिदीफिदी हसायला लागली, तिथेच आमची मैत्री झाली. तिला मी लांबडी म्हणते, ती मला चौकशी-खिडकी.

मग हा वाटाड्या आम्हाला एका बंद दारासमोर सोडून किल्ली आणायला गेला, तो गेलाच. सगळे ताटकळलेले. मी कुलूप बघितलं. साधं खटक्याचं. दार ओढलं की आपोआप लागणारं. लांबडी म्हणाली, "तुला येतं उघडता?" असं विचारल्यावर राहवतं होय! ओळखपत्र फटीत सरकवलं, जरा वर उचललं – खट्!

दार धाडकन उघडलं आणि जिन्यावरचा वारा भसकन आत घुसला. आत लांबलचक टेबल, त्यावर कागद, प्रत्येक कागदावर वाळूची छोटी ढिगुली. होती, म्हणजे क्षणापूर्वी! आता सगळी वाळू हवेत. टेबलापलीकडे पांढऱ्या कोटातल्या एक बाई, हातात चिमटा.

आम्ही मजला चुकलो होतो. आणि दारावर चांगला मोठा कागद होता – 'आत काम चालू आहे. दार उघडू नये.' तो सगळ्यांनी वाचला, पण नंतर. मी कुलूपच बघत होते! दारासमोर उभी राहून दार न बघणारी माणसं फक्त आमच्याच घरात निपजतात.

बाई ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट. म्हणाल्या, "बाकीच्यांनी वर जा. कुलूपवाल्या बाईंनी उद्या इथे यावं."

६ ऑगस्ट, मंगळवार

शिक्षा झाली – वाळू निवडायची! भिंगाखाली एकेक कण बघून वेगळा करायचा. वाळूबाई (हे नाव मीच ठेवलंय) म्हणाल्या, "हा टोकदार आहे. नदीतून आलाय, फार लांबून नाही. हा गोल, वर धुरकट. वाळवंटातला. वाऱ्याने आपटून आपटून असा झालाय." मी विचारलं, मग हा अर्धा गोल, अर्धा टोकदार? बाई म्हणाल्या, "तेच शोधायचं. कुठून आला, वाटेत काय झालं, मध्येच कुठे फुटला. विचार त्याला."

विचार म्हणाल्या! घरी मला कुणी असं कधी म्हटलेलं नाही.

दुपार झाली तरी उठवेना. मला फार आनंद झाला होता. असा आनंद की तो कुणाला तरी सांगावा, आणि सांगूही नये. दुकानात उशिरा पोचले. बाबांनी नुसती कानस पुढे केली.

७ ऑगस्ट, बुधवार

हिशेबशास्त्राच्या तासाला बसले. सर चांगले आहेत, विनोदही करतात. वर्ग स्वच्छ. खिडकीतून झाड दिसतं. झाडच बघत होते.

भूशास्त्राची चौकशी केली. सहज. प्रात्यक्षिकं रोज दुपारी, शनिवारी दिवसभर बाहेर. मग झालंच की.

८ ऑगस्ट, गुरुवार

जेवताना मी वाळूचं सांगत सुटले. आई म्हणाली, "अगं, घास तरी गिळ!" बाबा मात्र जेवायचे थांबले. "नदीची आणि समुद्राची वेगळी कळते?" म्हणाले. ताट तसंच ठेवून खाली गेले आणि समोरच्या बांधकामावरून मूठभर वाळू घेऊन आले! दुकानाचं भिंग काढलं. पण त्यांच्या हातात ते ठरेना. मी धरलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. "टोकं आहेत," म्हणाले. "म्हणजे नदीचीच. काय गं?" चेहरा असा, की तिजोरी उघडली.

मग विचारलं, "हा तास असतो कधी?"

मी म्हटलं, "सकाळीच असतो. पण मी नाही घेणार. एक दिवस गंमत वाटली, रोज कोण वाळू चिवडणार?"

"बरं," म्हणाले. थाप मारताना माझे कान लाल होतात. झाले असणार.

९ ऑगस्ट, शुक्रवार

एका बाईंनी कपाटाची किल्ली परत आणली. लागत नाही म्हणाल्या. मी कॉलेजात असताना बाबांनी घासली होती. एक दात खोल गेलेला. बाबा हसून म्हणाले, "पोरीचं लक्ष नव्हतं हो." मी म्हटलं, हो, माझं लक्ष नव्हतं. नवी करून दिली. त्या गेल्यावर बाबा कितीतरी वेळ मशीन पुसत बसले. पुसलेलंच होतं.

मला रडू आलं. मागे जाऊन रडले. आता प्रश्नच मिटला – हिशेबशास्त्र.

११ ऑगस्ट, रविवार

लांबडी दुकानात आली! वसतिगृहाच्या कपाटाची दुसरी किल्ली हवी होती. मी मागच्या खोलीतून तशी कोरी किल्ली शोधून आणेपर्यंत बघते तर काय, बाबा तिच्याशी गप्पा मारतायत! कॉलेज कसं आहे, कुठले तास कधी असतात, कोण शिकवतं... आमचे बाबा, आणि गिऱ्हाइकाला चौकश्या! मी आले तसे गप्प झाले. लांबडीकडून पैसेही घेईनात.

ती जाताना माझ्या कानात म्हणाली, "तुझे बाबा तर तुझ्यापेक्षा पुढे आहेत."

१२ ऑगस्ट, सोमवार

विषय नोंदवून आले. हिशेबशास्त्र.

जिन्यात वाळूबाई भेटल्या. "काय घेतलंस?" सांगितलं. "बरं," म्हणाल्या. "बदलायचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत चालतं." आणि गेल्या वर. मला त्यांचा इतका राग आला! जरा तरी भांडायचं ना. म्हणायचं ना, वेडी आहेस का. आणि बाबाही तसेच. सकाळपासून माझ्याशी दोन शब्द बोलले नाहीत, नुसते कसलंतरी जुनं कुलूप खोलून बसलेत.

१३ ऑगस्ट, मंगळवार

तास संपवून दुपारी दुकानावर गेले. शटर खाली. त्याला वेगळंच कुलूप बसवलेलं, आतूनही लागणारं. माझी किल्ली लागली नाही.

आतून मशीनचा आवाज येत होता. शटर वाजवलं. मशीन थांबलं. "बाबा, मी आहे!" म्हटलं. मग मशीन परत सुरू झालं.

मला ते कुलूप उघडता आलं असतं. बाबांनाही ते माहीत आहे.

नाही उघडलं. कॉलेजकडे धावत सुटले.