फुलपात्रावरचं नाव

अहमदपूरजवळच्या आपल्याच गावाहून,
मार्गशीर्ष, हुरड्याचे दिवस

प्रिय संगमेश्वर,

जन्मभर तुला संगू म्हणत आलो, आज पूर्ण नावानं लिहितोय. कारण समोर खिडकीत ते पितळी फुलपात्र ठेवलंय आणि त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी हेच नाव टाकलेलं आहे, संगमेश्वर वीरण्णा. फुलपात्र माझं आणि नाव तुझं. कल्हई कधीच उडाली, अक्षरं मात्र अजून बोटाला लागतात. सकाळपासून त्यांच्यावरून बोट फिरवत बसलोय. तुझी कस्तुरावहिनी दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "त्या दोस्ताला एवढं कुरवाळलं असतं तर दोस्त तरी आला असता."

पत्र कशाला लिहून राहिला म्हणशील. तर फोनवर तू "हाव, हाव" म्हणतोस आणि मी मुद्द्यावर आलो की फोन शिवप्रसादच्या हातात देतोस. तो गुणी पोरगा "काका, बाबा झोपलेत" म्हणतो आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. पत्राचं तसं नाही. ते हातात घेतलं की तुलाच वाचावं लागतं. चष्म्याचा नंबर वाढलाय असं तुझी मंजुश्री म्हणाली, म्हणून अक्षर मोठं काढतोय. विरूपाक्ष गुरुजी असते तर वळणदार म्हणून पाठ थोपटली असती आणि ओळ तिरकी गेली म्हणून कानही धरला असता.

आधी बातमी सांगतो. मी केलेल्या अर्जाला या खेपेला शेवटचं उत्तर आलंय. लष्कराच्या अभिलेख कचेरीनं कळवलंय की नोंद दुरुस्त करायला हरकत नाही, पण ज्यांच्या नोंदी एकमेकांत गेल्या ते दोघेही हयात आहेत, तेव्हा दोघांनी लातूरला साहेबांसमोर जबाब द्यावा. संक्रांतीनंतरच्या सोमवारी. एकट्या माझ्या जबाबावर काही होत नाही. तू आला नाहीस तर प्रकरण कायमचं बंद, असंही त्यात लिहिलंय. पुनमनं मला तीनतीनदा वाचून दाखवलं. नात हुशार आहे, पण "आजोबा, आता तरी एका जागी बसा" एवढंच तिला म्हणता येतं.

एका जागी कसा बसू? आपल्या शाळेची नवी कमान झालीय. शिरसाच्या झाडाखाली काळ्या दगडाची पाटी आणून ठेवलीय. तुटलेली तार जोडून पलटणीला वाचवणारे शौर्यपदक विजेते किशनराव, असा मजकूर ठरलाय. भुजंग पाथरवटानं खडूनं अक्षरं आखून ठेवलीत, सव्वीस जानेवारीच्या आत तो छिन्नी लावणार. मी ज्योत्स्नाबाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, जाऊन सांगितलं की हे खरं नाही, थांबा. त्या हसल्या. "मोठी माणसं असंच म्हणतात," म्हणाल्या. मग परवा दुपारी शाळा सुटल्यावर मी जाऊन धोतराच्या सोग्यानं माझं नाव पुसून टाकलं. काल बघतो तर भुजंगनं पुन्हा आखलंय, पहिल्यापेक्षा ठळक. आज पुन्हा जाऊन आलो. पाय घरात ठरत नाहीत, संगू. खडू पुसता येतो, दगडातलं नाव कशानं पुसू?

तुला ती शाळा आठवते का, की भांड्यांच्या ढिगात विसरलास? पावसाळ्यात पत्र्यावर सरी आल्या की गुरुजी गणित थांबवायचे आणि कविता घ्यायचे. आवाजावर आवाज चढवून अख्खा वर्ग चालीवर म्हणायचा. त्यांची स्वतःची एक कविता होती, कुठल्या पुस्तकात न आलेली, फक्त आपल्या वर्गाला पाठ असलेली. पहिली ओळ मी म्हणायची आणि दुसरी तू, असं त्यांनीच ठरवून दिलं होतं, कारण तुझा आवाज तेवढ्यापुरताच सुरात लागायचा. माळावरती एक बाभळी, सावली तिची थोडी. एवढं म्हणून मी थांबायचो आणि तुझ्याकडे बघायचो. मला अजून दुपारी डोळा लागला की तो पत्रा वाजतो आणि मी थांबलेलाच असतो.

नांदेडला भरतीला निघालो त्या दिवशी वीरण्णाकाकांनी दुकानातली दोन फुलपात्रं काढली आणि स्वतः छिन्नी घेऊन बसले. मी म्हटलं, काका, माझ्यावर माझं नाव टाका ना, हरवणार नाही. काका माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी देवळात चपला घालून आलो. "अरे येड्या, भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंय. घेणाऱ्याला त्याचं नाव ठाऊकच हाय की." म्हणून माझ्या फुलपात्रावर तुझं नाव पडलं आणि तुझ्यावर माझं. एकमेकांना भेट. आपल्याकडे कुणाला यात काही चुकीचं वाटणार नाही. कस्तुराच्या मांडणीत बघ, एका ताटावर तिच्या मावशीचं नाव, तांब्यावर आत्याचं, परातीवर तर कुणाचं आहे ते कुणालाच आठवत नाही, आणि आम्ही त्यातच भाकरी थापतो. पण ही आपली रीत पंजाबातल्या दवाखान्यात कुणाला ठाऊक असणार?

पलटणीत आपल्याला तारेच्या कामावर घातलं. पुढच्या चौकीपासून मागच्या तोफांपर्यंत टेलिफोनची तार अंथरायची, तुटली की जोडायची. तू तार जोडून यंत्र लावायचास आणि मी या टोकाला कान देऊन बसायचो. बाकीचे जोडारी हॅलो, हॅलो करायचे. आपण उलटं केलं. तू माझी ओळ म्हणायचास, माळावरती एक बाभळी, आणि मी तुझी ओळ म्हणून उत्तर द्यायचो. ओळ पुरी झाली म्हणजे तार धड आहे. कॅप्टन साहेब एकदा मधेच ऐकून म्हणाले होते, ये कौन सी भाषा में गाली दे रहे हो. तू त्यांना सांगितलंस, साहेब, बाभळीच्या झाडाची चौकशी करतोय. आठवून मी आजही हसतो, आणि हसता हसता खांदा दुखतो.

एकाहत्तरच्या त्या डिसेंबरातली ती सकाळ तुला सांगायची गरज नाही, पण लातूरच्या साहेबांना सांगावी लागेल, म्हणून इथं एकदा सरळ लिहून बघतो. धुकं होतं. रात्रभराच्या माऱ्यात तार जागोजागी तुटली होती. चौकीतले कॅप्टन साहेब तोफांना काही सांगू शकत नव्हते आणि समोरचा मारा थांबत नव्हता. आपण दोघंही निघालो. उसाच्या शेताच्या बांधावर गोळ्याचा तुकडा खांद्यात शिरून मी पडलो. तू पुढं गेलास, मोकळ्या शेतातून, तार हातातून सरकवत. सगळी तुटकी टोकं जोडलीस, तोफा सुरू झाल्या आणि चौकी वाचली. मला स्ट्रेचरवाल्यांनी उचललं तेव्हा गळ्यातला नाव-नंबराचा बिल्ला दोरीसकट गेलेला होता. मुठीत फक्त हे फुलपात्र होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरला देवनागरी वाचता येत होतं. त्यानं नाव वाचलं आणि लिहिलं, संगमेश्वर वीरण्णा, सकाळी जखमी होऊन दाखल. शुद्धीवर आल्यावर मी नाव सांगितलं, त्यांनी खाटेवरची चिठ्ठी बदलली, पण मुख्यालयाकडे कागद आधीच गेला होता. तिकडे कॅप्टन साहेबांनी तुझ्यासाठी शिफारस पाठवलेली. वरच्यांनी ताडून पाहिलं तर हा माणूस सकाळीच दवाखान्यात. मग तार जोडणारा दुसरा कोण? किशन. कॅप्टन साहेब त्याच आठवड्यात गेले. विचारायला कुणी उरलं नाही. झालं. तुझं शौर्य माझ्या छातीवर आलं आणि माझ्या खांद्यातला लोखंडाचा तुकडा कागदोपत्री तुझ्या अंगात गेला.

पदक आलं तेव्हाच मी पहिला अर्ज केला होता, तुला दाखवूनच. पुढंही करत राहिलो. दर वेळी दोघांचा जबाब लागायचा आणि दर वेळी तू तराजूच्या मागून तेच म्हणायचास, "ऱ्हाऊ दे की. घरातली निम्मी भांडी दुसऱ्याच्या नावाची असतेत. पाण्याची चव बदलती का?" दुकानात बसलेली गिऱ्हाइकं हसायची, मीही हसायचो आणि एसटी पकडून परत यायचो. मला वाटायचं हा तुझा मोठेपणा. रागही यायचा त्या मोठेपणाचा, खरं सांगतो. सणावाराला कस्तुरा भांड्यांबरोबर ते पदकही चिंचेनं घासून काढते आणि टोमणा मारते, "दुसऱ्याचं दागिनं किती दिवस घासायचं म्हणते मी." झेंडावंदनाला ते लावून उभा राहिलो की मला दोरी ओढायचं सुचत नाही. मुलं बघत असतात. त्यांच्यात मला पत्र्याखालचा आपला वर्ग दिसायला लागतो, आणि शेजारची जागा रिकामी.

गेल्या महिन्यात लातूरला दात दाखवायला गेलो होतो तेव्हा मंजुश्रीकडे जेवलो. तुझी लेक तुझ्यासारखीच, वाढताना बोलत नाही. हात धुताना म्हणाली, काका, बाबा येणार नाहीत जबाबाला, त्यांच्या मागं लागू नका. मी कारण विचारलं. ती रडायला लागली. तुला डेंग्यूचा ताप चढला होता तेव्हा तू तिचा हात धरून बोललास म्हणे, "किशनला बांधावर टाकून गेलो मी. त्यानं हाक मारली, मी वळून बघितलं न्हाई. त्याचं मला मेडल पाहिजे व्हय?" मंजुश्रीवर रागावू नकोस. तिनं सांगितलं नसतं तर मी हा शेवटचा अर्ज करून थांबलो असतो आणि तुला थोर समजत मेलो असतो. परतीच्या एसटीत लातूर कधी सुटलं, अहमदपूर कधी आलं, मला कळलं नाही. कंडक्टरनं खांद्याला हात लावून उतरवलं. तेव्हापासून हे असं चाललंय, घरातून शाळेपर्यंत, शाळेपासून घरापर्यंत. एवढी वर्षं तू हे घेऊन बसलास आणि मी तुझ्या समोर बसून चहा पीत होतो.

म्हणून हे पत्र. नोंद, पदक, दगड, सगळं खरंच आहे आणि त्या सोमवारी मला तू लातूरला हवाच आहेस. पण त्याआधी ही एक गोष्ट, जी तुला ठाऊक असेल असं मी जन्मभर धरून चाललो. मी बांधावर शुद्धीत होतो, संगू. सगळं बघत होतो. तू मला टाकून गेला नाहीस. तू वाकलास, माझ्या पिशवीतून हे फुलपात्र काढलंस, तुझ्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलंस, माझी बोटं त्याच्याभोवती एकेक करून मिटवलीस आणि मग गेलास. ते माझ्या मुठीत आलं कसं, हे कुठल्याच साहेबानं विचारलं नाही, तूही विसरलास. हाक मी मारली, ते खरं आहे. भीती वाटली म्हणून मारली. तू वळला नाहीस, आणि वळला असतास तर तार तशीच राहिली असती, मारा थांबला नसता, स्ट्रेचरवाले माझ्यापर्यंत पोचले नसते आणि हे पत्र लिहायला आज कुणी नसतं. पाणी संपलं तरी मी ते धरूनच होतो. मग मागून आपल्या तोफा बोलल्या, डोक्यावरून पहिला गोळा शीळ घालत गेला आणि मला कळलं, संगू पोचला. तिकडे तू यंत्र लावून माझी ओळ म्हटली असणार, सवयीनं, आणि या टोकाला उत्तर द्यायला मी नव्हतो. त्यानंतर तू ती कविता कधी म्हटली नाहीस. का म्हटली नाहीस, ते आता मला कळतंय. पण उत्तर मी दिलं होतं रे. तारेवर नव्हतो, बांधाच्या मातीत तोंड होतं, तरी मोठ्यानं म्हटलं होतं, तेच आज लिहून पाठवतोय. बस सरकुनी, पुरेल दोघां, भाकर अर्धी तोडी.

सोमवारी लातूरच्या स्टँडवर थांबतो. तुझं फुलपात्र घेऊन ये.

तुझाच, दुसऱ्या टोकाला बसलेला,
किशन